म्हणे

मावशीच्या गोळ्यांची स्ट्रिप मी हातात घेतली तेव्हा तिच्यातल्या अकरा गोळ्या जागच्या जागी होत्या. चंदेरी कागद कुठेही फुटलेला नव्हता. नऊ वर्षं ही बाई रक्तदाबाची गोळी एक दिवसही न चुकवता घेत आली होती. त्या दुपारी उठून उभी राहताना तिला भोवळ आली, भिंतीचा आधार घेत ती खाली बसली, आणि डॉक्टरांकडे नेलं तेव्हा यंत्रावर १९० आणि ११० असे आकडे आले.

“गोळ्या का बंद केल्यास?”

“अगं, किडन्या खराब होतात ना त्यांनी.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. “तूच पाठवलं होतंस की.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेही न चिडता. गोष्ट नेमकी उलटी होती. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं तसाच राहू दिला तर किडनीला इजा होते. गोळी तो आटोक्यात ठेवते. मी बाहेरच्या बाकावर बसून फोन उघडला आणि घरच्या ग्रुपवर मागे मागे जात राहिले. संदेश सापडला. वर माझं नाव, बाजूला वेळ : सकाळचे ७ वाजून ५२ मिनिटं. “रोज अर्धा तास चालण्याचे १४ फायदे.” मला ती सकाळ आठवली. कामावर निघायची घाई होती, मैत्रिणीकडून हे आलं होतं, मी पहिले तीन मुद्दे वाचले, मावशी अलीकडे चालायला जाते म्हणून तिला आवडेल असं वाटलं, आणि पुढे पाठवून दिलं. अकरावा मुद्दा मी त्या बाकावर पहिल्यांदा वाचला. शेवटी लिहिलं होतं : “अवश्य वाचा आणि आपल्या माणसांना पाठवा.”

मावशी सावरली. आता ती ठीक आहे. पण त्या बाकावरून मी अजून पुरती उठलेले नाही.

तीन दिवसांनी मी त्या संदेशाचा माग काढायला बसले. मैत्रिणीला विचारलं, तिला तिच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याकडून आला होता. त्याला बहिणीकडून. बहीण म्हणाली, “आमच्या ग्रुपवर आला होता, कुणी टाकला बघावं लागेल.” ज्याने टाकला होता तो म्हणाला, “आला कुठूनतरी.” चार पायऱ्या उतरले आणि पुढे अंधार. यातलं कुणी खोटं बोललं नव्हतं. खरं तर कुणी काही बोललंच नव्हतं. सगळ्यांनी पाठवलं होतं. सांगितलं कुणीच नव्हतं.

हा फरक माझ्या डोक्यातून जाईना. पाठवणं आणि सांगणं. त्यावर विचार करता करता मला आपल्या भाषेतला एक इवलासा शब्द आठवला, जो आपण दिवसातून दहा वेळा वापरतो आणि ज्याच्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं : म्हणे.

“ते घर विकलं म्हणे.” “परीक्षा पुढे गेली म्हणे.” वाक्य संपता संपता हा शब्द येतो आणि वाक्याचं सगळं वजन बदलून टाकतो. मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. खरं असेल, नसेलही. माझ्या शब्दावर जाऊ नका. एवढं सगळं अडीच अक्षरांत. त्याच्या जोडीला आपल्याकडे आणखीही हत्यारं आहेत : “असं ऐकलं बाई”, “बहुतेक”, “असावं”, “सांगोवांगीची गोष्ट आहे, पण…”. बोलणारा माणूस गोष्ट सांगता सांगताच त्या गोष्टीचा भरवसा किती, हेही सांगत असतो.

जगात अशा भाषा आहेत ज्यांत ही सोय ऐच्छिक नाही, व्याकरणाचीच सक्ती आहे. तुर्कीत ‘गेल्दी’ म्हणजे तो आला, मला ठाऊक आहे. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे, किंवा आलेला दिसतोय. कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर, ॲमेझॉनच्या खोऱ्यात तुयुका नावाची भाषा बोलली जाते. थोडेच लोक ती बोलतात. तिच्यात क्रियापदाला लागणारे प्रत्यय पाच तऱ्हांनी बदलतात : डोळ्यांनी पाहिलं, पाहिलं नाही पण कानाने वा दुसऱ्या इंद्रियाने कळलं, खुणांवरून ताडलं, दुसऱ्याने सांगितलं, आणि असणारच असं धरून चाललो. तुयुकात “मुलगा चेंडू खेळला” एवढं साधं वाक्यही तुम्हाला हे कसं कळलं ते न सांगता पुरं करता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मावशीपर्यंत पोचलेला तो अकरावा मुद्दा तुयुकात लिहिता आला असता का? लिहिणाऱ्याला कुठला तरी एक प्रत्यय निवडावाच लागला असता.

तोंडी गोष्ट एका कानातून दुसऱ्या कानात जाताना बदलते, हा तिचा दोष आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तिचा एक गुण आपण कधी मोजला नाही. प्रत्येक सांगणारा ती आपल्या तोंडाने सांगतो. सांगताना चाचरतो, मध्येच “म्हणे” घालतो, ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून एखादं वाक्य गिळतो. मी मावशीसमोर बसून ते चौदा फायदे वाचून दाखवले असते तर अकराव्यापाशी नक्की थबकले असते. तिची गोळी मला माहीत होती. फोनवरच्या बटणाला थबकता येत नाही. तो मजकूर काना-मात्रेचीही चूक न होता, जसाच्या तसा गेला. फक्त माझं “म्हणे” त्याच्याबरोबर गेलं नाही, कारण मी तोंड उघडलंच नव्हतं.

यात डिजिटल प्रतीचा एक गुणधर्म आहे, तो वरवर किरकोळ वाटतो. पूर्वी झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं फुगत, पानाच्या कडेला काळे ठिपके येत, कुणाच्या तरी अंगठ्याची सावली उमटे. कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढे. प्रत मूळ गोष्टीपासून किती दूर आली आहे हे तिच्या अंगावरच लिहिलेलं असे. डिजिटल प्रत थकत नाही. हजारावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ असते, कारण ती आकड्यांची नक्कल असते आणि आकडा झिजत नाही. ज्ञान साठवायला याहून मोठं वरदान नाही, हे मी मनापासून मानते. पण याच वरदानाने अंतर दिसायचं बंद झालं. कालची अफवा आणि शंभर वर्षांचा पडताळा झालेली गोष्ट एकाच फॉन्टमध्ये, एकाच हिरव्या-पांढऱ्या चौकोनात, तितक्याच ताज्या दिसतात.

ही उणीव बनवणाऱ्यांच्याही लक्षात आली. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. २०१९ मध्ये बऱ्याच हातांतून आलेल्या संदेशावर दोन बाण आले. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. यंत्राने घातलेलं “म्हणे”च म्हणायचं हे. हा संदेश खूप चालून आलाय एवढं ते सांगतं. कुठून निघाला ते सांगू शकत नाही. माझ्याही संदेशावर ते दोन बाण होते. त्या सकाळी मी ते पाहिले नाहीत, आणि पाहिले असते तरी त्यांचा अर्थ मला तेव्हा “खूप लोकांना आवडलेलं” असाच लागला असता.

मावशीचं काय चुकलं, हे शोधताना मी आणखी एका शब्दापाशी येऊन थांबले. आप्त.

न्यायदर्शन या आपल्या जुन्या तत्त्वज्ञानाच्या परंपरेत ज्ञान मिळण्याची चार साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. ही परंपरा ऐकीव ज्ञानाला हिणवत नाही, प्रत्यक्षाच्या पंगतीला बसवते, हे मला फार मोलाचं वाटतं; कारण आपल्याला जे काही माहीत असतं त्यातलं बहुतेक सगळं दुसऱ्याच्याच तोंडून आलेलं असतं. माझा जन्म कधी झाला हेसुद्धा मला कुणीतरी सांगितलेलं आहे. पण एक अट आहे : सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतःला नीट कळली आहे आणि जशी कळली तशीच दुसऱ्याला सांगायची इच्छा ज्याला आहे, असा माणूस. भाष्यकार वात्स्यायन तर पुढे जाऊन म्हणतो की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू आहे. कुळ नाही, पद नाही, नातं नाही. कळलं आहे का, आणि खरं सांगायचं आहे का, एवढेच दोन प्रश्न.

आणि आज मराठीत आप्त म्हणजे कोण? नातेवाईक. आप्तेष्ट. “आपल्या माणसांना पाठवा” यातली आपली माणसं.

शब्दाचा अर्थ असा सरकला तो शेकडो वर्षांत, फोनचा त्यात काही हात नाही. पण फोनच्या पडद्यावर हे दोन अर्थ एकमेकांत पुरते मिसळून गेले. मावशीने त्या मजकुरावर विश्वास ठेवलाच नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. भाची शिकलेली आहे, भाचीची आपल्यावर माया आहे, ती उगाच काही पाठवणार नाही. यातला प्रत्येक शब्द खरा होता. खोट ज्या गोष्टीत होती ती पडद्यावर कुठे दिसतच नव्हती : भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. मी एका अर्थाने तिची आप्त होते आणि दुसऱ्या अर्थाने अजिबात नव्हते.

शिवाय त्या आठवड्यात तिला तोच मजकूर आणखी दोघींनी पाठवला होता. “तिघींकडून आलं म्हणजे काहीतरी असणारच ना?” हे तिचं म्हणणं चुकीचं कसं म्हणू? तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा आपण ती खरी मानतो, आणि मानावीच. पण इथे साक्षीदार तीन नव्हते, एकाच कागदाच्या तीन प्रती होत्या. पुन्हा पुन्हा कानावर पडलेली गोष्ट खरी वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. मन तेच आहे. कानावर पडण्याचा वेग बदलला.

वेगाचंही मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या तिघा संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० गोष्टी तपासल्या. सुमारे ३० लाख लोकांनी त्या पसरवल्या होत्या. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार खऱ्या गोष्टीला १,५०० लोकांपर्यंत पोचायला खोट्या गोष्टीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. दोष यंत्रांचा असेल अशी माझी समजूत होती, म्हणजे माणसासारखं वागणाऱ्या स्वयंचलित खात्यांचा. त्यांनी तेही पाहिलं. ती खाती खरं आणि खोटं सारख्याच गतीने पसरवत होती. फरक माणसांमुळे पडत होता. नवं, अनपेक्षित काही दिसलं की ते दुसऱ्याला दाखवायचा जो मोह होतो, त्यामुळे. हा निष्कर्ष वाचताना मला सकाळचे ७ वाजून ५२ मिनिटं आठवली.

त्या रात्री मी स्वतःला शिक्षा दिल्यासारखी दोन तास वाचत बसले. रक्तदाब, किडनी, गोळ्यांचे प्रकार. आधी शोधलं “गोळ्यांनी किडनी खराब होते का”, आणि तसं म्हणणारी पानं रांगेने आली. मग शोधलं “रक्तदाबाची गोळी किडनीला वाचवते का”; तर तसं म्हणणारी पानं आली. माझा प्रश्नच उत्तराचा अर्धा रस्ता आखत होता. सकाळपर्यंत मला वाटत होतं, आता हा विषय मला कळला. मावसभावाने फोनवर विचारलं, “म्हणजे ही गोळी नेमकं करते काय?” मी बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यावर अडकले. मला ते कुठे वाचलं हे आठवत होतं, पानाचा रंगही आठवत होता. कसं घडतं ते सांगता येईना.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही, हे नंतर कळलं. २०११ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की माहिती संगणकात साठवलेली आहे हे ठाऊक असलं की लोकांना ती माहिती कमी आणि ती कुठे ठेवली आहे ते जास्त लक्षात राहतं. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की इंटरनेटवर शोधून उठलेल्या माणसाला आपल्या स्वतःच्या डोक्यातलं ज्ञान आहे त्याहून मोठं वाटायला लागतं, आणि तेही ज्या विषयाबद्दल त्याने काही शोधलेलं नाही त्या विषयातसुद्धा. बाहेरचं कपाट आणि आतलं कपाट यांच्यामधली भिंत आपल्याला जाणवेनाशी होते.

डोळ्यांचंही तेच झालं आहे. मागे एका संध्याकाळी, दिवे गेलेले असताना, आम्ही सगळे गच्चीवर बसलो होतो. चेहरे नीट दिसत नव्हते, आवाजांवरूनच कोण कुठे आहे ते कळत होतं. माझ्या भाचीने फोनने एक फोटो काढला. “हलू नका, तीन सेकंद,” ती म्हणाली. फोटोत सगळे स्पष्ट आहेत. कपड्यांचे रंगसुद्धा. फोनने त्या तीन सेकंदांत अनेक चित्रं टिपली, ती एकमेकांवर बसवली, अंधारातला गोंगाट पुसला, उजेड हिशेबाने वाढवला. फोटो खोटा नाही. आम्ही होतोच तिथे. पण तो अंधार, ज्यात मावशीचा आवाज ऐकून मी हात पुढे केला होता, तो आता माझ्या आठवणीत राहिलेला नाही. त्या संध्याकाळचा विचार केला की मला ती उजळलेली गच्ची दिसते, जी तिथे कुणीच पाहिली नव्हती. आपलंच प्रत्यक्ष पुसलं गेलं आणि कळलंही नाही, याची मला संदेशाइतकीच भीती वाटते.

तरीही यंत्राने घडवलेल्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, असं मी म्हणू शकत नाही. कारण मला एक दुसरं चित्र माहीत आहे. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने कृष्णविवराचं पहिलं चित्र पाहिलं : काळ्या मध्याभोवती नारिंगी, किंचित खालच्या बाजूला जाड झालेलं कडं. एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यातलं, आपल्यापासून सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षं दूर. हे चित्र कुणाच्याही डोळ्याने दिसणारं नाही. जगभरातल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी टिपल्या. नारिंगी रंग माणसांनी निवडला. माहिती इतकी प्रचंड होती की ती इंटरनेटवरून पाठवता येईना. हार्ड डिस्क पेट्यांत भरून विमानाने न्याव्या लागल्या, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपून विमानं उडेपर्यंत महिनोन्‌महिने तिथेच अडकून राहिल्या.

पण मला खरं हलवून गेलं ते पुढचं. आठ दुर्बिणींनी पृथ्वीएवढी दुर्बीण पुरी होत नाही. मधल्या पुष्कळ जागा रिकाम्या राहतात आणि त्या गणिताने भरून काढाव्या लागतात. भरताना आपल्याला जे बघायचं आहे तेच आपण काढून ठेवू, ही भीती त्या शास्त्रज्ञांनाच होती. म्हणून चित्र घडवणाऱ्यांचे चार गट केले. चारही गटांनी आठवडेच्या आठवडे एकमेकांशी आपल्या चित्राबद्दल अवाक्षरही न बोलता काम केलं. मग एके दिवशी चारही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. चारांतही कडं होतं. त्यानंतरही त्यांनी आणखी पडताळे घेतले, आणि माहिती, आज्ञावली सगळं खुलं केलं, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने स्वतः करून बघावं. ज्याला कुणीच पाहिलं नाही त्या गोष्टीचं चित्र, आणि त्याच्या प्रत्येक ठिपक्यामागे “हे आम्हाला असं कळलं” हे लिहिलेलं. इथे साक्षीदार खरोखर चार होते. माझ्या गच्चीच्या फोटोपेक्षा ते चित्र मला अधिक खरं वाटतं.

म्हणजे हे तंत्र माग पुसू शकतं, तसं जपूही शकतं. किंबहुना जपण्यासाठीच त्याची कल्पना केली गेली होती. १९४५ मध्ये व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने एका लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. टेबलाएवढं यंत्र, आत सूक्ष्म फिल्मवर पुस्तकं आणि कागद. महत्त्वाचं हे की वाचणारा एका पानावरून दुसऱ्या पानावर जसा गेला, तो मार्ग यंत्रात जतन होईल आणि मित्राला देता येईल. नुसतं उत्तर नाही, उत्तरापर्यंतची पाऊलवाट द्यायची. यंत्र कधी बनलं नाही. पण मला वाटतं, ज्ञान वाटणं म्हणजे काय हे त्याला बरोबर कळलं होतं.

त्या पाऊलवाटेच्या सगळ्यांत जवळ जाणारी जी जागा मला माहीत आहे ती विकिपीडिया. १५ जानेवारी २००१ ला इंग्रजी, १ मे २००३ ला मराठी. मी तिथे वर्षानुवर्षं नुसती वाचून निघून जायचे. मावशीच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा लेखाच्या वरच्या “इतिहास पहा” या दुव्यावर बोट ठेवलं. कुठलं वाक्य कधी आलं, कुणी बदललं, कुणी काढलं, कुणाचा वाद झाला, सगळं ओळीने. आणि मजकुरात मध्येच, चौकटी कंसात, लहान अक्षरांत : संदर्भ हवा. कुणीतरी अनोळखी माणूस वाचता वाचता थबकला होता आणि त्याने पुढच्या वाचणाऱ्यासाठी एक “म्हणे” ठेवून दिलं होतं. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

तिथेही चुका होतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोआटी या प्राण्याच्या लेखात लिहिलं की त्याला ब्राझीलचा आर्डव्हार्क असंही म्हणतात. कुणीच तसं म्हणत नव्हतं. पुढे वर्तमानपत्रांनी ते उचललं, पुस्तकांत आलं, आणि मग तीच वर्तमानपत्रं त्या वाक्याला आधार म्हणून जोडली गेली. वाक्याने आपली सावली दाखवून आपण असल्याचा पुरावा दिला. पण हे आपल्याला पडताळून बघता आलं कसं? तो बदल कुठल्या दिवशी झाला याची नोंद तिथे होती म्हणून. माझ्या संदेशाची अशी नोंद कुठेच नाही.

नोंदीही विरतात. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. विकिपीडियाच्या निम्म्याहून अधिक लेखांत निदान एक तरी संदर्भ असा होता की त्याच्या टोकाला काहीच उरलेलं नव्हतं. पाऊलवाटेवर गवत वाढतं. १९९६ पासून इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था जुन्या पानांच्या प्रती जपते आहे, म्हणून निदान काही तरी हाती लागतं.

आणि आता एक नवा आवाज आला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं, त्यानंतर त्याच्यासारखी आणखी बरीच. मी ती वापरते आणि त्यांच्यामुळे अनेक अवघड गोष्टी मला सोप्या भाषेत कळल्या आहेत. पण त्यांची घडण लक्षात ठेवावी लागते. अफाट मजकूर वाचून, कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द येण्याचा संभव किती, हे ती शिकलेली असतात. मूळ पुस्तकं, माणसं, तारखा त्यात मिठासारख्या विरघळून जातात. चव राहते, पण मीठ कुठल्या आगराचं ते पाण्याला विचारून कळत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी जुन्या निकालांचे दाखले दिले आणि ते निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्राने ते रचले होते, नाव-क्रमांकासह. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. ते दाखले ज्या सुरात आले असतील तो सूर मला ओळखीचा आहे. तोच सूर खऱ्या उत्तराचाही असतो. आता ही यंत्रं शोध घेऊन स्रोत दाखवू लागली आहेत; मी त्या दुव्यावर जाऊन पान उघडते. कधी तिथे तेच लिहिलेलं असतं, कधी जवळपासचं काहीतरी.

मावशीला मी यातलं बरंचसं सांगितलं. आप्त या शब्दाची गोष्ट तिला आवडली. “म्हणजे माया असून भागत नाही,” ती म्हणाली, आणि पुन्हा कधी त्या अकरा दिवसांचा विषय काढला नाही. घरच्या ग्रुपवर मी आता स्वतःच्या शब्दांत लिहिते, चार ओळीच, पण माझ्या. त्यामुळे दहातले नऊ संदेश पाठवलेच जात नाहीत. लिहायला बसलं की कळतं, मला हे माहीतच नाही.

गेल्या आठवड्यात मावशीचा संदेश आला. ती एका बोटाने लिहिते, काना-मात्रे शोधत. एवढं लिहायला तिला दहा मिनिटं तरी लागली असतील. “दुपारी झोपल्याने विसरायला होतं म्हणे. शाळेतली मैत्रीण म्हणाली. तिला कुणी सांगितलं ते तिला आठवत नाही. तू बघ जरा.”

मी बघितलं. तासभर वाचलं. उतारवयात दुपारची लांब झोप आणि विसर यांचा काही संबंध दिसतो, असं काही अभ्यास सांगत होते. पण झोपेमुळे विसर पडतो, की आत सुरू झालेल्या आजारामुळेच जास्त झोप येते, हे कुणी ठामपणे म्हणत नव्हतं. मी लिहिलं : “मावशी, मला अजून नीट कळलेलं नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारू या. कळलं की सांगते, आणि कुणाकडून कळलं तेही.”

थोड्या वेळाने उत्तर आलं.

“बरं. तोवर जरा पडते.”